मागवाल्या काकूंचा अंतरपाट

मागवाल्या काकूंकडे कुणी नवी बाई आली, की त्या आधी तिच्या पदराची उलटी बाजू बघायच्या. नमस्कार-चमत्कार मागाहून. "सुलटं काय, कुणीही सजवतं. विणणाऱ्याचा हात मागून कळतो," म्हणायच्या. अमृतराव घाटावर एकदा त्यांनी नावाड्याच्या खांद्यावरचा गमछा मागून घेतला, "भैया, जरा पलटके देखना है," आणि नाव सुटायची वेळ झाली तरी परत देईनात. काकूंनी विणलेले त्या गमछ्यासारखे लाल-हिरव्या पट्ट्यांचे रुमाल पुढे आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या निम्म्या मराठी घरांत पोचले.

शाळेतून रिटायर झाल्यावर त्यांनी हा नाद लावून घेतला होता. जेवणाचं टेबल हातमागाने अडवलेलं, त्यामुळे मुलगा-सून बिचारे जमिनीवर जेवायचे. मी शेजारची. कॉलेजातून आले की मागावर आडव्या धाग्याचा धोटा फेकायला तिथेच. कड आवळली गेली की काकू म्हणायच्या, "हात सैल सोड गं, रिक्षा हाकत नाहीयेस!" चुकलं की उसवायला लावायच्या, आणि उसवून होईपर्यंत चहा नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "अंतरपाट मी विणणार. स्वस्तिकसुद्धा विणलेलंच, कुंकवाने काढलेलं नाही." कारण मला ठाऊक होतं. काका गेल्यापासून काकू कुठल्याही लग्नात मागच्या खुर्चीवर बसायच्या. हसतखेळत, पण मागेच. निदान आपलं कापड तरी वधूवरांच्या मधे असावं, एवढीच त्यांची हौस.

साध्या विणीवर मात्र भागेना. इथले कारागीर सुलटी बाजू खाली ठेवून विणतात आणि आरसा धरून नक्षी तपासतात, हे त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. झालं, मागाखाली आरसा आला. आरशात लाल स्वस्तिक झकास सरळ दिसत होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी कापड मागावरून उतरवून पलटलं आणि काकू मटकन खालीच बसल्या. आरशात सरळ, म्हणजे कापडाच्या सुलट्या बाजूवर उलटं! सरळ स्वस्तिक होतं मागच्या अंगाला, लोंबत्या धाग्यांच्या जंजाळात.

"माझ्या हातचं नकोच ते," त्या म्हणाल्या. "बाजारातून आणा. शुभकार्यात माझी लुडबुड कशाला?"

काकूंच्या तोंडी असलं बोलणं! मला असा राग आला म्हणता! "हाच अंतरपाट धरायचा आणि एक टोक तुम्ही धरायचं, नाहीतर मी बोहल्यावर चढत नाही," मी ठणकावलं. आई घाबरली. लग्न लावणारे रामघाटचे गुरुजी मात्र हसून म्हणाले, "मुहूर्त सांभाळा म्हणजे झालं. बाकी सब ठीक है."

धाग्यांची, पण सरळ स्वस्तिकाची बाजू माझ्याकडे आली, आणि देखणी, पण उलट्या स्वस्तिकाची नवऱ्याकडे. काकू टोक धरून सगळ्यांच्या पुढे उभ्या. मंगलाष्टकं चालू असताना मी एक लोंबता धागा हळूच चिमटीत धरला, तर कानाशी काकूंची कुजबुज आली, "ओढशील तर बघ हं!"

अंतरपाट दूर झाला तेव्हा मी आधी नवऱ्याकडे नाही, काकूंकडे पाहिलं. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. त्यावरून नवऱ्याने वर्षानुवर्षं मला टोमणे मारले. काकू गेल्याचा फोन आला, त्या दिवशी मात्र तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "बरं केलंस, आधी त्यांच्याकडे पाहिलंस."