दोन क्लिक सैल

इंजिन सुरू झालं की सुईकाका डोळे मिटायचे. समोर विमानाचा पंखा नुसता धूसर चकतीसारखा दिसतोय, बोटं त्याच्यापासून वीतभर अंतरावर, आणि हा माणूस वाळूत उकिडवा बसून डोळे मिटतोय! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरकलो होतो. "डोळे उघडे ठेवले का कान आळशी व्हतात," ते म्हणाले होते, तेही डोळे न उघडता.

आमची विमानं म्हणजे रिमोटवर उडणारी, दोन-अडीच हात लांबीची. पण इंजिन खरंखुरं, मिथेनॉल आणि एरंडेलाच्या मिश्रणावर चालणारं. त्याला चिंचोक्याएवढा कार्बोरेटर असतो आणि त्यात इंधन किती जायचं ते ठरवणारी एक सुई. ती कशी लावायची हे आमच्यात एकट्या काकांना कळायचं, म्हणून त्यांचं नाव सुईकाका. त्यांचे वडील बोईसरजवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरचे, होडीवाले. भाऊ समुद्रावर गेले आणि काका बोईसरच्या एमआयडीसीत कॉम्प्रेसरवर फिटर म्हणून लागले. तीस वर्षं त्यांनी त्या धडधडाटात काढली. मीही बोईसरलाच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या आसपास विमान म्हटलं की पहिला प्रश्न परवानगीचा, म्हणून आम्ही पाचजण रविवारी सकाळी एडवणच्या समुद्रकिनाऱ्यावर जायचो. ओहोटीला तिथली वाळू फरशीसारखी कडक होते.

काकांकडे बिस्किटांचे दोन जुने पत्र्याचे डबे होते. त्यात वैद्याच्या पुड्यांसारखे कागदात गुंडाळलेले कार्बोरेटर, प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने आकडा. एकदा आमच्यातल्या एकाने ऑनलाइन मागवलेला, भल्यामोठ्या तोंडाचा कार्बोरेटर मोठ्या मिजाशीत आणला. म्हणे ताकद जास्त मिळते. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला, मग त्याच्या विमानाच्या पोटात डोकावले. इंधनाची टाकी इंजिनापासून बरीच मागे होती. "तोंड मोठं म्हणून जास्त खाईल आसं नाय रे. येवढ्या लांबून ओढायला दम लागतो," ते म्हणाले आणि पुडीतला लहान तोंडाचा कार्बोरेटर त्यांनी बसवला. विमान टाकी संपेपर्यंत बिनतक्रार उडालं. विकतचा शहाणपणा मुकाट्याने पिशवीत गेला.

सुई लावायची त्यांची पद्धत ठरलेली. सुई सैल असली की इंधन जास्त जातं, इंजिन धूर ओकत घोगरं बोलतं. कसत गेलं की आवाज चढत जातो आणि एका क्षणी त्याला बारीक, धारदार सूर लागतो. ऐकणाऱ्याला वाटतं, झालं, हेच हवं. सुई फिरवताना खाचेखाचेला 'क्लिक' होतं; काका तिथून दोन क्लिक मागे यायचे. कारण विमान वर चढताना इंजिनाला तहान जास्त लागते. जमिनीवर जे अगदी बरोबर वाटतं, ते आभाळात गेल्यावर कोरडं पडतं, तापतं आणि बंद होतं. "खाली वाईच कुरकुरू द्यावं. कुरकुरनारं वर जाऊन दगा देत नाय." हे मी पुढे माणसांनाही लावून पाहिलं. बहुतेक वेळा खरं निघालं.

त्यांचा नियम मात्र एकच आणि कडक होता. सुई हातात असताना कुणी बोलायचं नाही. मोबाइल वाजला तरी ते असे बघायचे की माणूस लाजून लांब निघून जाई. आम्ही विमानाची शेपटी धरून, श्वास रोखून उभे राहायचो. त्या नियमाचा आम्हाला अभिमान होता, हे आज सांगताना वाईट वाटतं.

कारण काकांचा कान जात होता. डाव्या बाजूने हाक मारली तर ते वळेनासे झाले. विनोद सांगितला की सगळ्यांच्या मागून हसायचे. फोनवर "हां, हां" म्हणून भलतंच उत्तर द्यायचे. आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं होतं आणि आम्ही सगळे मूग गिळून बसलो होतो. वयस्कर माणसाला कसं सांगायचं? शिवाय सांगायचं ते कुणाला, तर कान हीच ज्याची सगळी प्रतिष्ठा त्याला.

मी आठ महिने खपून एक विमान बांधलं होतं. बायकोने पंखांवर पिवळी फिल्म इस्त्री फिरवून चढवली होती, एक सुरकुती नाही. त्या रविवारी काका सुई लावायला बसले, डोळे मिटले. मी शेपटी धरून होतो. आवाज चढला, बारीक सूर लागला. काका थांबले नाहीत. एक क्लिक, अजून एक, तिसरा, चौथा. इंजिन किंचाळायला लागलं. बाकीच्या तिघांकडे पाहिलं, तिघांनी वाळूकडे पाहिलं. काका त्या बारीक सुराची वाट बघत होते आणि तो त्यांना ऐकूच येत नव्हता. मग त्यांनी सवयीने दोन क्लिक मागे घेतले आणि हात वर केला, "जाऊ द्या."

विमान उठलं, सरळ वर चढलं आणि समुद्रावर गेल्यावर इंजिन बंद पडलं. पिवळे पंख एकदा उन्हात चमकले आणि पाण्यात गेले. कमरेएवढ्या पाण्यातून आम्ही ते ओढून आणलं तेव्हा एक पंख मोडलेला आणि इंजिनात वाळू. काका किनाऱ्यावर उभे होते, हातात अजून तेल पुसायची चिंधी. मी म्हणालो, "टाकीत हवा शिरली असणार, काका." तिघांनी माना डोलावल्या. काकांनी इंजिन सोडवलं आणि धुवायला म्हणून घरी नेलं.

आठवड्याने मी नवापूरला त्यांच्या घरी गेलो. अंगणात फळकुटावर इंजिन उघडून ठेवलं होतं. त्यांनी पिस्टन माझ्या तळहातावर ठेवला. तो तापून काळपट पडला होता आणि कडेला ओरखडे होते. प्रयोगशाळेत जन्म गेलेल्याला याचा अर्थ सांगायला नको.

"ही हवा शिरली काय?" त्यांनी विचारलं.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी नाही म्हटलं.

"तुमी ऐकलं व्हतं?"

"हो."

"मग बोलला का नाय?"

"सुई तुमच्या हातात होती, काका."

त्यांनी पिस्टन माझ्या हातातून घेऊन परत फळकुटावर ठेवला. "माजा कान गेला, त्याला माजा इलाज नाय," ते सावकाश म्हणाले. "पन चार मानसं माज्याभवती उबी व्हती, त्यांचे कान शाबूत व्हते. आनि मी एकटा." मला वाटलं होतं की खोटं बोलून मी त्यांची लाज राखतोय. प्रत्यक्षात मी त्यांना एकटं पाडलं होतं. त्या दिवशी मला जेवढी शरम वाटली तेवढी आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

दोन महिने ते एडवणला आले नाहीत. मुलीने, हर्षलाने, कानाचं मशीन आणून दिलं, तर म्हणाले की यात इंजिन पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाजतं. मग एका रविवारी आपणहून आले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "सुई मी फिरवनार, ऐकायचं ह्यानं." बोट माझ्याकडे होतं. तेव्हापासून मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसायचो. सूर लागला की खांदा दाबायचा, मग ते दोन क्लिक मागे यायचे. दर वेळी डोळे उघडून माझ्या तोंडाकडे बघायचे आणि विचारायचे, "खोटं नाय ना?" मी म्हणायचो, "नाही, काका." मगच हात वर व्हायचा. अशी तीन वर्षं गेली.

मग त्यांना दम लागायला लागला आणि ते अंथरुणाला खिळले. माझं ते बुडालेलं इंजिन त्यांनीच नवा पिस्टन घालून उभं केलं होतं. ते एका फळीवर बसवून मी नवापूरला घेऊन गेलो. हर्षला म्हणाली, "बाबांना धूर सोसनार नाय." काका म्हणाले, "एरंडेलाचा हाय, पोट साफ व्हईल." आम्ही त्यांना अंगणात खुर्चीवर बसवलं, वाऱ्याच्या उलट्या अंगाला. इंजिन सुरू झालं. त्यांनी एक हात फळीवर ठेवला, दुसरा सुईवर, आणि डोळे मिटले. या वेळी म्हणाले, "खांदा दाबू नको. मला करू दे."

ते कसत गेले, थांबले, दोन क्लिक मागे आले आणि त्यांनी डोळे उघडले. चेहरा असा खुलला होता की बऱ्याच महिन्यांत मी तसा पाहिला नव्हता. "खोटं नाय ना?"

इंजिन किंचाळत होतं. विमान उडायचं नव्हतं, फळी कुठे जाणार नव्हती. 'बरोबर आहे' म्हटलं असतं तर कुणाचंच नुकसान नव्हतं. हर्षलाही डोळ्यांनी मला तेच सांगत होती. मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणालो, "तीन क्लिक जास्त कसलंय, काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एक, दोन, तीन, मोजून सुई सैल केली. इंजिनाला तो घोगरा, समाधानी सूर आला. "आता?" "आता बरोबर." त्यांनी माझा हात धरला आणि टाकी रिकामी होईपर्यंत सोडला नाही. पंधरा दिवसांनी ते गेले.

आता एडवणला सुई मी लावतो. मलाही लोक काका म्हणायला लागलेत आणि माझ्याही नोकरीची सव्वीस वर्षं प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडच्या पंप-ब्लोअरच्या गोंगाटात गेली आहेत. गेल्या रविवारी एका नव्या मुलीचं विमान होतं. मी डोळे मिटले, सूर लागला, दोन क्लिक मागे आलो. नेहमीसारखं मागे वळून विचारलं, "खोटं नाही ना?" सगळे म्हणाले, बरोबर आहे. ती मुलगी थोडी घुटमळली आणि म्हणाली, "काका, अजून एक क्लिक सैल हवं, बहुतेक."

मला तसं ऐकू आलं नव्हतं. मी एक क्लिक सैल केला.