नव्या टीव्हीतला माणूस

ऐका, माझी फजिती सांगते. हसा खुशाल, पण पूर्ण ऐकून मग.

तो मंगळवार अगदी साधा होता. हे पहिल्या शिफ्टला चाकणला निघाले होते आणि दारात बूट घालतानाही टीव्हीचंच चाललं होतं.

“अगं, आपल्या एलईडीत मागचे दिवे सतत चालू असतात. म्हणून काळा रंग राखाडी दिसतो. ओएलईडीत काळं म्हणजे तेवढा भाग चक्क बंद. अंधार अंधारासारखा दिसतो.”

“अंधार बघायला दुप्पट पैसे? दिवा घालवते, फुकट बघा.”

हसत गेले. अकराच्या सुमारास कंपनीतून फोन आला. लाइनवर उभे असतानाच छातीत दुखलं होतं.

बाकीचं सोडा. किस्सा पुढे आहे.

वर्षानं मी तोच टीव्ही घ्यायला गेले. कोणासाठी, ते विचारू नका. चिंचवडच्या दुकानात दोन्ही शेजारी शेजारी लावून घेतले. उजेडातल्या चित्रात मला काडीमात्र फरक कळला नाही. मग रात्रीचं दृश्य आलं आणि एक पडदा विहिरीसारखा खोल झाला. तोच बांधून द्या म्हटलं.

सांगवीला घरी टीव्ही लागला. जुन्याला मी शिवलेलं कव्हर होतं. बंद केला की झाकायचा. हा रुंद, पापडासारखा पातळ. कव्हर बसेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालिका बघत होते. दृश्य काळं झालं. आणि त्या काळ्यात, माझ्या खांद्यामागे, एक माणूस बसलेला. रुंद खांदे, गोल डोकं. हलत नव्हता. दृश्य उजळलं, तो गेला. मी टीव्ही बंद केला. पुन्हा आला.

आता मागे वळून बघायचं की नाही? शहाणा माणूस वळतो. मी दुकानात फोन लावला.

“भाऊ, टीव्हीत कोणीतरी बसलंय.”

“ठसा असेल, ताई. एकच चित्र फार वेळ राहिलं की पडद्यावर उरतं.”

“फार म्हणजे किती?”

“तुमच्याकडे किती वेळ होतं?”

“सव्वीस वर्षं.”

पलीकडे पावत्या चाळल्याचा आवाज. मग हळूच, “ताई, टीव्ही परवाच नेलाय ना?”

त्यांनी बालाजी नावाचा मेकॅनिक पाठवला, मूळचा लातूरचा. माझ्या शेजारी बसला, टीव्ही बंद केला आणि बघत राहिला.

“काकू, मला बी दिसायलंय.” त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

मी पडद्याकडेच बघत राहिले. तो मात्र वळला.

“काकू, हे काय हाय?”

मागे जेवणाच्या टेबलाशी ह्यांची खुर्ची. कंपनीनं घरी पाठवलेलं जॅकेट मीच तिच्या पाठीला अडकवलं होतं, वर हेल्मेट. वर्षभर मी तिकडे पाठ करूनच बसत होते. जुन्या पडद्याच्या राखाडीत ते कधी उमटलं नाही, आणि बंद असला की कव्हर.

“टीव्ही ठणठणीत हाय,” बालाजी म्हणाला. “काळ्यात आरसा होतो बगा. खुर्ची हलवा, नाहीतर कव्हर शिवून घ्या.”

“खुर्ची राहू दे. कव्हर शिवते.”

तर, पैसे वसूल झाले का? मालिकांपुरतं म्हणाल, तर जुना पुरे होता. एवढा महागाचा टीव्ही घेतला आणि मी तो बंद करूनच जास्त बघते.

कव्हरचं कापड आणून सहा महिने झाले. शिवायचं राहिलंय.