गल्लीतली हाक

"कोन हाय गल्लीत?" अशी हाक आली आणि मी गप्प राहिलो. नोकरीचा पहिला दिवस, अंगावर नवं धोतर, आणि मी गोदामाचा बाबू. हमालाच्या हाकेला ओरडून ओ द्यायची म्हणजे आपली पायरी सोडणं, असं मला वाटलं. पुढच्या क्षणी मी रुईच्या गाठीला तोंड लावून उभा होतो आणि माझा सोगा हातगाडीच्या चाकाखाली होता.

"आवाज द्या, बाबूजी," तो हमाल चाक मागे घेत म्हणाला. "गाडीले डोये नसतात."

यवतमाळच्या त्या गोदामात गाठींच्या थप्प्या छताला टेकायच्या. मधल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की शेटजींनी मुद्दाम चिंचोळी, दोन चाकांची गाडी करवून घेतली होती. तिच्यावर गाठ चढली की ढकलणाऱ्याला पुढचं दिसत नसे. म्हणून रिवाज असा, की शिरण्याआधी हाक द्यायची आणि आत असेल त्यानं ओ.

तो पुसदकडच्या बंजारा तांड्यातला. त्याचे आजेपणजे बैलांवर मीठ लादून मुलुख फिरलेले. हा त्या गाडीलाच बैल समजे. पोळ्याला दांड्यांना गेरू लावी, झेंडू बांधी. माझी बायको तिच्यासाठी पुरणपोळी पाठवायची. तो ती चाकाला टेकवी आणि स्वतः खाई. "वहिनीले सांगजा, तिले दात नाहीत," म्हणे.

एकदा मी गल्लीत असताना हाक आली. एव्हाना शहाणा झालो होतो, घसा फाडून ओ दिली. गाडी थांबली नाही. माझं हे पोट आत ओढून थप्पीला चिकटलो म्हणून वाचलो. माझं तोंड पाहून त्याला कळलं, की मी ओ दिली होती आणि त्याला ती ऐकूच गेली नव्हती.

"शेटले सांगू नका, बाबूजी," तो हळूच म्हणाला. "गल्लीबाहीर मी कोनीच नाही."

मी सांगितलं नाही. आत जाणाऱ्यानं गल्लीच्या तोंडाशी लाल फडकं अडकवायचं, असं ठरवलं. हमालांना कारण कळलं आणि तेही फडकं लावू लागले. त्यालाही कळलं असणार. तरी तो हाक द्यायचाच. फडकं नसलं तरी, ओ यायला लागेल तेवढा वेळ थांबायचा आणि मगच शिरायचा.

मग एक नवा हमाल फडकं लावायला विसरला. त्यानं आतून ओ दिली होती, पुन्हा पुन्हा दिली होती. त्याच्या पायाची बोटं चाकाखाली गेली. गाडीवाल्यानं आपलं पागोटं फाडून तो पाय बांधला, गड्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवलं. परत आला तेव्हा फडक्याची घडी करून माझ्या हातात ठेवली.

"मले कोनी काढलं नाही, बाबूजी. मीच निंगालो."

हिवाळ्यात तांड्याकडून निरोप आला, तो वारल्याचाच.

पुढच्या पोळ्याला बायकोनं न विचारता डबा हातात दिला. खाणार कोण, म्हटलं, तर ती चुलीकडे वळली. गोदामात गाडी भिंतीला टेकून उभी होती, दांड्यांवर जुन्या गेरूचे डाग. मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून हाक दिली. एरवी माझ्या प्रत्येक गोष्टीला हसणारे हमाल त्या दिवशी हसले नाहीत. पोळी चाकाला टेकवली आणि तिथंच बसून खाल्ली.

घरी येऊन बायकोला म्हटलं, हाक दिली, पण ओ काही आली नाही.

ती डबा घासत होती. "तुम्ही देल्ली न? मंग झालं," म्हणाली. "आता आयकू येत असन त्याइले."