फुकटच्या इंटरनेटची पेटी

माझ्या वडिलांच्या मते मी आयुष्यात एकही वस्तू योग्य भावात घेतलेली नाही. माझं भांड्यांचं दुकान आहे.

दुकान मी स्वतः उभं केलंय. सुरुवातीला स्टीलचे डबे पिशवीत घालून घरोघर हप्त्यानं विकले, आज शेजारशेजारचे तीन गाळे आहेत. मी येणार असं कळलं की घाऊक व्यापारी आधीच भाव चढवून ठेवतात, म्हणजे मी पाडल्यावर त्यांच्या हातात काहीतरी उरावं. पण माहेरी काहीही घेऊन गेले की बाबा ती वस्तू उलटीपालटी करणार, 'कितीला?' विचारणार आणि मी कुठलाही आकडा सांगितला तरी म्हणणार, "फसलीस." एकदा छताचा पंखा निम्म्या किमतीत आणला आणि बाबांना त्याच्याही निम्मा आकडा सांगितला. (खोटं बोलले. पण निम्मंच.) "फसलीस!" आणि धाकटा भाऊ संजू पुण्याहून छापील किमतीत सोफा घेऊन आला, छापील!, तर बाबा त्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "क्वालिटी हाय."

तर इंटरनेट.

साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी म्हशी बघायला सुरुवात केली. घरात एकही म्हैस नाही, मोबाइलवर बघतात. हरियाणाची म्हैस, पंजाबची म्हैस, नुकती धुतलेली म्हैस, शिंगं रंगवलेली म्हैस. दुपारच्या जेवणाच्या आत दिवसाचा डेटा संपायचा आणि म्हैस रवंथ करता करता तोंड उघडं ठेवून थांबायची. संध्याकाळी संजूचा व्हिडिओ कॉल आला की नातवाचं नुसतं कपाळ दिसायचं आणि आवाज विहिरीतून यायचा. मग संजूनं पुण्यात बसून सगळ्या कंपन्यांच्या दरांचा रंगीत तक्ता करून पाठवला.

"संजू सांगंल ते बसवू," बाबा म्हणाले.

"कोल्हापुरातलं इंटरनेट तो पुण्यातनं ठरवणार व्हय? मी बसवतो!" (कोल्हापुरात आम्ही बायकाही बसवतो, येतो, जातोच म्हणतो. पुण्याची भावजय अजून दचकते.)

"तू?" बाबांनी असा सुस्कारा सोडला की जणू पैसे बुडालेच.

माझं टाळकं सरकलं. ठरवलं, या माणसाच्या तोंडून एकदा तरी 'चांगला सौदा झाला' एवढं वदवून घेईन, मगच दुकानाचं शटर वर करीन. (शटर दुसऱ्या दिवशी सकाळी वर केलं. लग्नसराई होती.)

बाबांच्या गल्लीत विलास केबल टीव्हीच्या काळापासून आहे, आता इंटरनेटही तोच देतो. त्याला दुकानात बोलावलं. चहा मागवला नाही.

"दर सांग."

त्यानं सांगितला.

"हा तुझ्या सासऱ्याला सांग. मला खरा सांग."

"ताई, कंपनीचा दर हाय. त्यात माझं काय न्हाय."

"तुझं काय न्हाय, तर कमी करताना तुला काय दुखतंय?"

पहिल्या झटक्यात जोडणीचा खर्च माफ झाला. दुसऱ्यात राउटर माफ झाला. तिसऱ्यात विलास उठून चालायला लागला, त्याला दारातून परत आणलं. शेवटी मी हुकमाचं पान टाकलं. "आख्ख्या गल्लीतली अकरा घरं तुला देतो. बोल!"

विलासनं डोकं खाजवलं. "अकरा घरं म्हंजे मेन पेटी लागती. ती कुणाच्या तरी घरात लावाय पायजे आणि तिला सारखी लाइट पायजे. लोक नको म्हणत्यात."

"आमच्यात लाव, बाबांच्या घरी. पण मग बाबांचं बिल माफ. कायमचं."

विलास भांडला नाही. "चालतंय की," म्हणाला आणि स्वतःच्या पैशानं चहा मागवला. इतकी वर्षं धंद्यात मुरलेल्या बाईला इथं शंका यायला हवी होती. मला आली नाही. मी त्याच्याच खात्यावर क्रीमरोलही मागवला.

अकरा घरं मी एकाच संध्याकाळी पटवली. "माझ्या शब्दावर घ्या! बंद पडलं तर सरळ मला फोन लावा," असं दारोदार सांगितलं आणि नंबरही दिला. चार दिवसांत बाबांच्या टीव्हीशेजारी पेटी लागली, तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकायला लागले, आणि पंजाबची म्हैस न थांबता रवंथ करू लागली.

"कितीला?" बाबांनी विचारलं.

"फुकट."

"बसवायचं न्हवं. महिन्याला?"

"फुकट!"

बाबा उठून पेटीपाशी गेले. पेटी उलटी करून बघता येईना, ती भिंतीत ठोकलेली होती. शेवटी म्हणाले, "बघू." माझ्या आयुष्यातला तो तोपर्यंतचा सर्वोच्च सन्मान होता.

पण या सगळ्यात मी आईला धरलंच नव्हतं. माझी आई घरातून बाहेर पडताना सगळी बटनं बंद करते. दिव्याचं, पंख्याचं, टीव्हीचं. एकदा गडबडीत तिनं बाबा दाढी करत असताना न्हाणीघरातला दिवा घालवला होता. पेटी लागल्यावर, बाबा बाहेर गेलेले असताना आई पहिल्यांदा भाजी आणायला बाहेर पडली, आणि गल्ली बंद पडली.

मी दुकानात होते. समोर वरमाय, वरबाप आणि लग्नाच्या भांड्यांचा आख्खा संच. फोन वाजला. पाटील सरांची ऑनलाइन शिकवणी अर्ध्यात गेली होती. दुसरा वाजला, घोरपड्यांच्या प्रशांतची मीटिंग गेली होती. मग एकेक करत सगळे वाजले. मी विलासला फोन लावला.

"ताई, पेटी तुमच्याच घरात हाय," तो शांतपणे म्हणाला. "मी काय करू?"

तेव्हा त्या चहाची चव मला कळली.

स्कूटर काढून गेले. (वरमाय समोरच्या दुकानात गेली.) आई कोथिंबीर निवडत बसली होती.

"आई, ते बटन बंद करायचं न्हाय!"

"घरात माणूस न्हाय आणि दिवं कशाला जाळायचं? आपल्या लाइटीवर?"

"अगं, आख्खी गल्ली त्याच्यावर चालती!"

"आख्खी गल्ली?" आई म्हणाली. तिनं कोथिंबिरीची काडी खाली ठेवली. ही माहिती तिला द्यायला नको होती.

मी बटनावर चिकटपट्टी मारली. तरी फोन येतच राहिले, पण एक गोष्ट विचित्र होती. आता पाच-दहा मिनिटांत पुन्हा फोन यायचा, "झालं ताई, आलं." कसं झालं ते कुणी सांगेना. म्हणून एका दुपारी न कळवता माहेरी गेले. दारात प्रशांत भेटला. कमरेच्या वर इस्त्रीचा शर्ट आणि टाय, कमरेच्या खाली बर्म्युडा, आणि खांद्यावर गॅसचा सिलिंडर.

"मीटिंग चालू हाय ताई," तो धापा टाकत म्हणाला. "जरा लवकर आत जाऊ द्या!"

आत बाबा दुपारचे घोरत होते आणि पाटील सर स्टुलावर चढून माळ्यावरची परात काढत होते. आई खाली उभी राहून सूचना देत होती. चिकटपट्टी नीट सोलून भिंतीला लावून ठेवली होती, पुढच्या वेळेसाठी. परात खाली आली, सिलिंडर जागेवर लागला, आईनं बटन दाबलं. हिरवे दिवे आले. दोघेही पळाले.

"आई! तू लोकांना असं बोलवतीस?"

"मी कुठं बोलवतो? आपापली येत्यात."

पुढं गल्ली शहाणी झाली. महत्त्वाचं काम असलं की लोक आधीच येऊन विचारायला लागले, "काकू, बाजारातनं काय आणायचंय का?" कुणी दळण आणून दिलं, कुणी नारळ फोडून दिला. परीक्षेच्या दिवसांत तर घरात चार प्रकारचे लाडू होते. आणि माझा फोन चालूच. मी विलासला म्हटलं, पेटी हलव. तो म्हणाला, हलवतो की, मग बाबांचं बिल चालू होईल. बाबांना मी स्वतःच्या तोंडानं सांगायचं की फुकटचं संपलं? त्यापेक्षा मी दुकान विकलं असतं.

शेवटी आईशी बोलणी करायला बसले. धंद्यात मी भल्याभल्यांना घाम फोडलाय.

"आई, दुकानाच्या वेळात बटनाला हात लावायचा न्हाय. काय पाहिजे बोल."

"मला काय नको बाई," आई म्हणाली. (या वाक्यानं सुरू होणारा सौदा मी आजवर जिंकलेला नाही.) "तो तुझ्या दुकानातला मोठा कुकर तेवढा बघ. आणि ती जाड बुडाची पातेली."

"कुकर खरेदीच्या भावात देतो."

आईनं नुसतं बटनाकडं बघितलं.

"बरं, निम्म्यात!"

आई उठली आणि सावकाश त्या भिंतीकडं चालायला लागली. माझ्या पर्समधला फोन अजून वाजलाही नव्हता, तरी मला तो ऐकू यायला लागला.

"फुकट घे! पातेली पण घे!"

"झाकणं?"

"झाकणं पण!"

दुसऱ्या दिवशी मी सगळा माल स्वतः नेऊन पोचवला. बाबांनी फोन खाली ठेवला, म्हैस थांबवली. कुकर उलटापालटा करून बघितला, बूड वाजवून बघितलं, शिट्टी फिरवून बघितली.

"कितीला?" त्यांनी आईला विचारलं.

"फुकट. झाकणांसकट."

बाबांनी झाकण लावून बघितलं. मग समाधानानं मान हलवून म्हणाले, "याला म्हणत्यात सौदा. चांगला झाला."

आयुष्यभर ज्याची वाट बघितली, ते वाक्य माझ्या दुकानातल्या मालाबद्दल, माझ्यासमोर, माझ्याच वडिलांच्या तोंडून निघालं होतं. ते कुणाला उद्देशून होतं, याची चौकशी मी केली नाही.