जीपवरून घेतलेलं माप

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, यांनी निम्मं आयुष्य गाड्यांच्या पोटाखाली काढलं. डोंगरात, ओढ्यांत, जिथे रस्ता नाही तिथे हौसेनं गाड्या घालणाऱ्या लोकांचा एक क्लब आहे, आणि त्यांच्या गाड्या भाऊजी दुरुस्त करतात. क्लबातले लहानथोर त्यांना मास्तर म्हणतात. शाळेशी त्यांचा संबंध बेताचाच, तेव्हा हे नाव ओरडण्यावरून पडलं असावं. माझं सीट कव्हर शिवायचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून आहे, मध्ये पत्र्याची एकच भिंत. त्यामुळे त्यांचं ओरडणं मला पूर्ण ऐकू येतं, नको असलं तरी.

ओरडण्याचा मुख्य विषय स्किड प्लेट. गाडीच्या पोटाखाली बोल्टनं बसवायचा हा जाड पत्रा. दगड लागायचाच तर इंजिनाऐवजी त्याला लागावा. गाडीबरोबर येणारी प्लेट पातळ असते म्हणून हौशी लोक बाहेरून जाड बनवून घेतात, आणि बाहेरची प्लेट पहिल्या फटक्यात बसली असं सहसा होत नाही. पुढचे बोल्ट धरतात तर मागचं भोक अर्धंच दिसतं. कुठे सायलेन्सरला घासते, कुठे ऑइलचं बूच झाकून टाकते. अशा वेळी घाईचा मेकॅनिक पहिलाच बोल्ट करकचून आवळतो आणि मग उरलेल्यांशी कुस्ती खेळतो. भाऊजींची रीत वेगळी. सगळे बोल्ट आधी हातानं, नुसते दोन-दोन आटे. प्लेट सैल लोंबकळत ठेवायची, हलवून हलवून तिची जागा तिला सापडू द्यायची, आणि मगच पाना उचलायचा. तरीही नाहीच बसली तर कानस. पण कानशीनं भोक लांबवलं की प्लेट दगडावर सरकते, वाटेत खडखडते, म्हणून कानस हातात घेणं म्हणजे हार, असं ते मानत. आणि ती घ्यावी लागली की त्यांचं वाक्य ठरलेलं, "प्लेट बनवणाऱ्यानं माप घेताना डोळे कुठे ठेवले होते?"

एक दिवस हे वाक्य त्यांनी पोटच्या मुलीला ऐकवलं. तिथून ही गोष्ट सुरू होते.

माझी भाची गेट आणि ग्रिल बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंग करायची. घरात तिला ठिणगी म्हणतात. हात असा साफ की जोड कुठे आहे ते शोधावं लागे. गेल्या वर्षी तिनं नोकरी सोडली आणि गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये स्किड प्लेटा बनवायला घेतल्या. "विकतच्या बसत नाहीत म्हणून बाबा रोज ओरडतात, मग बसणाऱ्या मीच बनवते की," असं तिचं साधं म्हणणं. माप घ्यायला गाडी हवी होती. क्लबात बहुतेकांकडे एकाच जातीची जीप, आणि भाऊजींकडेही तीच. त्यांनी छाती फुगवून आपली जीप पुढे केली. "हिच्याइतकी सरळ गाडी तुला शोधून सापडायची नाही."

ठिणगीनं त्या जीपच्या चेसिसवरून लोखंडी साचा केला आणि साच्यावर पहिली प्लेट केली. तिनं बाहेरून जॅकवर प्लेट तोलून धरली, भाऊजी खाली आडवे झाले, आणि आतून आवाज आला, "सगळे हातानं गेले गं!" ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती प्लेट ठिणगीनं उतरवून नमुना म्हणून शेडच्या भिंतीला टेकवून ठेवली.

मग क्लबच्या गाड्या येऊ लागल्या आणि एकीलाही प्लेट बसेना. उजवीकडचं मागचं भोक अर्धं बंद. पहिल्याच गाडीखालून भाऊजी गिऱ्हाइकादेखत गरजले, "दीड सूत चुकलीस! माप घेताना डोळे कुठे ठेवले होतेस?" पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. मी पलीकडून पत्र्यावर कात्री आपटली, पण पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या गाडीलाही तोच कोपरा, तेवढाच फरक. या वेळी भाऊजी ओरडले नाहीत. गाडीखाली निमूट पडून राहिले, कारण त्यांना काहीतरी आठवलं होतं. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

काही वर्षांपूर्वी क्लबच्या सहलीत एका कोरड्या ओढ्यात ते सगळ्यांच्या पुढे होते. दगड चाकाखाली घ्या, पोटाखाली घेऊ नका, असं मागच्यांना ओरडून सांगत होते, आणि मान मागे वळवून ओरडण्याच्या नादात स्वतःचीच जीप दगडावर आपटली. लोकांनी विचारलं, काय झालं मास्तर? "काही नाही, ओरखडासुद्धा नाही," म्हणाले. चेसिसचा मागचा आडवा दांडा उजवीकडे वाकला होता, हे त्यांनी घरी आल्याबरोबर पाहिलं होतं. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान अशी आपली गत झाली, हे मास्तरांनी कुणाला कसं सांगावं? नाही सांगितलं. पुढे ज्याला त्याला जीपच्या सरळपणाचं कौतुक इतकं ऐकवलं की त्यांचं त्यांनाच ते खरं वाटायला लागलं, आणि त्याच भरवशावर त्यांनी मुलीला जीप दिली. पोरीनं वाकड्या जीपचं माप बिनचूक घेतलं होतं.

एक वाक्य पुरलं असतं. अगं, तुझा साचा बरोबर आहे, माझी जीप वाकडी आहे. ते वाक्य काही त्यांच्या तोंडून फुटेना. चारचौघांत जिच्या डोळ्यांचा उद्धार केला, तिच्यापुढे आता कोणत्या तोंडानं जायचं? त्याऐवजी ते गोड बोलू लागले. "होतं गं, नवीन काम आहे." आणि ती शेडमध्ये असली की ते घाईघाईनं कानस मारून भोकं लांबवायचे आणि प्लेटा बसवून द्यायचे. आमचे भाऊजी गोड बोलतात म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढी अक्कल मला तेव्हाच यायला हवी होती.

लांबट भोकांच्या त्या प्लेटा खडखडत परत आल्या. ठिणगी ज्याची त्याची माफी मागायची आणि पुन्हा साच्याला टेप लावत बसायची. साचा जीपशी तंतोतंत जुळायचा, प्लेट साच्याशी जुळायची, आणि तरी गिऱ्हाइकाच्या गाडीला बसायची नाही. एकदा माझ्या दुकानात येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मामा, मी डोळे तपासून घेऊ का?" मला भाऊजींचा इतका संताप आला की हातातली शिलाई वाकडी गेली. खरं काय ते तेव्हा मला माहीतच नव्हतं, नाहीतर काय केलं असतं कुणास ठाऊक.

पावसाळ्यानंतर क्लबची मोठी सहल ठरली. सगळ्या गाड्यांना नव्या प्लेटा हव्या होत्या. क्लबच्या सेक्रेटरीबाई दातांच्या डॉक्टर, त्या म्हणाल्या, "रविवारी आम्ही येतो. एका गाडीला कानस न लावता बसली तर सगळं काम तुझं. नाहीतर आम्ही कंपनीच्या मागवतो." ठिणगीनं घरी सांगून टाकलं, यंदा जमलं नाही तर शेडला कुलूप, मी परत ग्रिलच्या कारखान्यात. आणि ठरवलं की सगळं मुळापासून करायचं. उद्या पत्रा आणायला जाते, परवा जीपचं कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं माप घेते, दोन्ही बाजूंनी.

भाऊजींचं धाबं दणाणलं. दोन्ही तिरकी मापं सारखी आली नाहीत की वाकडेपणा तिथल्या तिथे उघडा पडणार. दुसऱ्या दिवशी पोरगी पत्रा आणायला गेली तशी त्यांनी जीपखाली साखळी आणि मोठा जॅक लावला. मी पाहिलं आणि विचारलं, "काय काढलंय?"

"सर्व्हिसिंग," ते म्हणाले.

दांडा त्यांनी ओढून सरळ केला. त्यांच्या मनात गणित पक्कं होतं. आता जीप सरळ, पोरगी नवं माप घेणार, साच्यात चूक सापडणार, ती दुरुस्त होणार, प्लेटा बसणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण पोरीला मदतच करतोय, असंही त्यांना वाटलं म्हणे.

पण ठिणगीनं आधी माप घेतलंच नाही. परत आल्यावर तिनं भिंतीची ती पहिली प्लेट काढली. "मामा, एक टोक धरा. निदान ही तरी बसते, तेवढाच धीर येतो." मी धरलं. ती खाली शिरली. पुढचे बोल्ट लागले, मग प्लेट हलवून बघितल्याचा आवाज येत राहिला. उजवीकडचं मागचं भोक अर्धं बंद.

ती बाहेर आली आणि जमिनीवरच बसली. भाऊजी दारात उभे होते. तिनं त्यांच्याकडे बघितलं, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, मायाच होती.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही खालून पहारीनं ओढून बसवली होती ना? माझं मन राखायला?"

भाऊजी म्हणाले, "हं."

मला तेव्हा ते खरंच वाटलं. "त्या एका 'हं'ची लाज मला मरेपर्यंत पुरेल," असं ते नंतर म्हणाले, आणि मी त्यांना पुरणार नाही असं म्हटलं नाही.

रविवारी क्लबची मंडळी आली. ठिणगीनं कुणाला गाडी आत घ्यायला सांगितलीच नाही. हात मागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली, "मला हे काम येत नाही. पहिली प्लेटसुद्धा बसली नव्हती. मी नाराज होईन म्हणून बाबांनी ती कशीतरी ओढून बसवली होती. तुम्हाला सगळ्यांना त्रास झाला, माफ करा."

डॉक्टरीणबाईंनी पुढे होऊन भाऊजींचा हात हातात घेतला. "मास्तर, तुम्ही इतके हळवे असाल असं वाटलं नव्हतं हो." मागून कुणीतरी म्हणालं, "बाप असावा तर असा!" आणि दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

भाऊजींनी हात सोडवून घेतला. कानाच्या पाळ्यांपर्यंत ते लाल झाले होते.

"टाळ्या नका वाजवू," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मी काही ओढून बसवली नव्हती. ती बसलीच होती. जीप वाकडी होती. ओढ्यात आपटली तेव्हाच दांडा वाकला, आणि मी तुमच्याशी खोटं बोललो. पोरीनं माप सूतभर चुकवलं नाही. तुमच्या प्लेटांची भोकं मी कानस मारून बिघडवली. आणि ती जीप तपासणार म्हटल्यावर मी चोरासारखा दांडा सरळ केला, म्हणून काल तिची प्लेट तिथेही बसली नाही. तिनं विचारलं तर मी हो म्हणालो. तिचे डोळे चांगले आहेत. फार चांगले आहेत."

टाळ्या वाजवणारे जमिनीकडे बघत होते. मी ताईकडे बघितलं. तिनं पदर तोंडाला लावून मान फिरवली होती.

ठिणगी त्यांच्याकडे बघत राहिली. "ओरड की गं," भाऊजी म्हणाले. "काय वाट्टेल ते बोल."

ती नाही ओरडली. तिनं खिशातून टेप काढली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "तुमची जीप आत घ्या. नंतर त्यांची, मग ती मागची. आता एका गाडीवरून माप घ्यायचं नाही."

तिरकं माप एकट्यानं होत नाही, दोन माणसं लागतात. भाऊजी कुणी न सांगताच सवयीनं गाडीखाली शिरले आणि टेपची डबी त्यांनी हात पुढे करून मागून घेतली. टोक मुलीकडे, आकडा आपल्याकडे. गॅरेजमध्ये आजवर आकडा नेहमी त्यांनीच वाचला होता.

"बाबा, तुम्ही टोक धरा," ठिणगी म्हणाली. "आकडा मी वाचते."

आवाज साधा होता, कुठल्याही माणसाला सांगावं तसा. भाऊजींनी डबी तिच्याकडे सरकवली, टोक घेतलं आणि पलीकडच्या कोपऱ्यातल्या भोकावर दाबून धरलं. तिनं आकडा वाचला. मग कोपरांवर सरपटत ती त्यांच्या बाजूला आली, टोक भोकाच्या बरोबर मधोमध धरलंय की नाही ते टॉर्च मारून स्वतः पाहिलं, आणि परत जाऊन तोच आकडा पुन्हा वाचला.