मुलांचं ऐकणाऱ्या सुमतीअक्का

सुमतीअक्का मुलाला नेहमी दारासमोरच्या खुर्चीवर बसवत आणि स्वतः भिंतीशी बसत. बंगळूरच्या कौटुंबिक न्यायालयात त्या समुपदेशक होत्या. मी तिथे नवी वकील म्हणून जाऊ लागले तेव्हा एकदा त्यांना याचं कारण विचारलं. "त्याला बाहेर जायची वाट दिसली पाहिजे ग," त्या म्हणाल्या. "इथं आणताना कोणी विचारलंय त्याला?"

अक्का बसवनगुडीच्या. पिढ्यान्‌पिढ्या इथेच नांदलेलं मराठी घर, त्यामुळे बोलण्यात कानडी सहज मिसळे. मी निपाणीची, म्हणून आमचं लवकर जमलं. आई हवी की बाबा, हे त्यांनी एकाही मुलाला विचारल्याचं मला आठवत नाही. वेणी कोण घालतं, भात कोण कालवून देतं, झोपताना दिवा चालू असतो का, असं काहीबाही विचारत राहायच्या. एखाद्या वकिलाने घाई केली की म्हणायच्या, "स्वल्प थांबा सर. तुम्हाला पुढची तारीख मिळते. मूल तोवर थांबत नाही, मोठं होतं."

इरा दुसरीत होती. तिची आई विद्या माझी अशील, जे. पी. नगरात राहायची, वडील विमानतळाकडे, देवनहळ्ळीजवळच्या एका नव्या वसाहतीत. शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत इरा वडिलांकडे, असा कोर्टाचा तात्पुरता आदेश होता. हा माणूस मृदू बोलायचा, शिपायालाही नमस्कार करायचा. आवाज चढायचा तो विद्याचाच, त्यामुळे बघणाऱ्याला तीच भांडकुदळ वाटायची. अक्कांना मात्र त्याच्या शांतपणाची धास्ती होती. "हा चिडत का नाही?" त्या मला म्हणाल्या. "ज्याला निकालाची वाट बघायची असते तो चिडतो ग. ह्याला वाट बघायचीच नाही असं वाटतं."

एका शुक्रवारी इराशी बोलून त्या बाहेर आल्या आणि मला नि विद्याला जिन्याकडे घेऊन गेल्या. "पोर म्हणते, शाळेत सगळ्यांना टाटा करून ये, पण का ते कोणाला सांगू नको, असं पप्पांनी सांगितलंय." त्या पुढे म्हणाल्या, "खोलीतलं बाहेर सांगायचं नसतं, मला ठाऊक आहे. नोकरी गेली तर जाऊ दे. तिचा पासपोर्ट कोणाकडे आहे?"

"त्यांच्याकडेच," विद्या म्हणाली.

मी धावतपळत अर्ज लिहिला. आमच्या न्यायाधीशांची बदली झाली होती, नवे आले नव्हते. प्रभारी न्यायाधीशांनी अर्ज वाचला. दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय काही करता येणार नाही, सोमवारी या, म्हणाले. तोवर जुना आदेश लागू होता. तो मोडला तर मुलगीच हातची जाईल, ही विद्याला भीती. अक्कांनी इराला खोलीत आणखी थोडा वेळ बसवून घेतलं, दिवे मालवायला शिपाई येईपर्यंत. वडील दारात उभे होते. "आंटी, ट्रॅफिक लागेल," ते हसून म्हणाले. इराने त्यांचा हात धरला. वळताना तिने आईकडे नाही, अक्कांकडे पाहिलं.

सकाळी इराच्या वडिलांचा फोन बंद लागला. आम्ही तिघी टॅक्सीने देवनहळ्ळीला गेलो. फाटकाला कुलूप होतं, दोरीवर इराचा फ्रॉक वाळत होता. "मोठ्या बॅगा घेऊन पहाटेच गेले," रखवालदार म्हणाला. तेवढ्यात एक विमान घरांना घासून गेल्यासारखं डोक्यावरून गेलं. मी वर पाहिलं. अक्कांनी पाहिलं नाही. त्या विद्याला धरून उभ्या होत्या. चौकीत पोलीस म्हणाले, "वडीलच आहेत ना, मॅडम? कोर्टाचा कागद आणा." शनिवार होता. कोर्ट बंद.

इरा तेव्हापासून परदेशात आहे. आईला ती फोनच्या पडद्यावर भेटते, मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देते. तिथल्या कोर्टात खटला रेंगाळला आहे. खोलीतली गोष्ट आपण बाहेर सांगितली हे अक्कांनी स्वतःच कोर्टाला कळवून टाकलं, आणि त्यांची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. त्यानंतर कोर्टातल्या सुधारणांविषयीच्या प्रत्येक बैठकीला त्या न बोलावता जाऊन बसायच्या. "भांडण कोर्टात आलं की पहिल्याच दिवशी पोराचा पासपोर्ट जमा करून घ्या. आणि मुलानं काही सांगितलं तर त्याच दिवशी ऐकणारं कोणीतरी न्यायाधीशाच्या खुर्चीत पाहिजे. एवढंच मागते." माणसं माना डोलवायची. चहा यायचा, विषय पुढे सरकायचा. अक्का पुढच्या बैठकीला पुन्हा हजर.

आणि यंदा ती मागणी मान्य झाली. अक्का तेव्हा आजारी होत्या, मी धावतच इस्पितळात गेले. त्या फार थकल्या होत्या. बोललं तरी धाप लागायची.

"अक्का, आता रोज एक न्यायाधीश फक्त मुलांच्या तातडीच्या अर्जांसाठी बसतात. पासपोर्टही जमा करून घेतात."

त्यांनी डोळे उघडले. "सरी, बरं झालं," म्हणाल्या. मग माझं मनगट धरून विचारलं, "आणि शनिवारी?"

मी त्यांचं पांघरूण सारखं करत राहिले. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

त्याच आठवड्यात अक्का गेल्या. शनिवारी आमचं कोर्ट अजूनही बंद असतं.