घागरीचा नंबर

आमच्या कृषी महाविद्यालयात एक असा माणूस होता, जो जन्मात कुठल्या रांगेत उभा राहिला नाही आणि ज्याचा नंबर जन्मात कधी चुकला नाही. हा माझा वर्गमित्र, वसतिगृहात चारही वर्षं माझ्याच खोलीत राहिलेला. दिंद्रुडच्या आत, डांबरी सडक संपल्यावर पाऊण तास चाललं की त्याचं गाव लागायचं. तिथे नळ नव्हता, विहिरी होळीच्या आधीच तळाला जायच्या, आणि पाण्याचा टँकर कधी सकाळी तर कधी दिवस कलताना यायचा. त्याची वाट बघत माणसं उभी राहत नसत, घागरी उभ्या राहत. सकाळी उठून आपली घागर रांगेत ठेवायची आणि मग रोजगाराला, शाळेला, सोयऱ्याच्या लग्नाला, जिथे जायचं तिथे जायचं. परत येऊन बघावं तर घागर जागच्या जागी. "आमच्याकडं सख्खे भाऊ एकमेकाचा बांध कोरत्यात," तो अभिमानाने सांगायचा, "पर दुसऱ्याची घागर मागं सारली, असं कवा झालं न्हाई. माणूस रांगेत उभा केला की वाया जातो. भांडं वाया जात न्हाई."

हे तत्त्वज्ञान घेऊन तो कॉलेजात आला आणि आम्हा सगळ्यांना पुरून उरला. माजलगावला न्हाव्याच्या दुकानात बाकावर रुमाल टाकून तो बाजार करून यायचा आणि रुमालाच्या नंबरावर दाढी करून घ्यायचा. एकदा अंगात ताप असताना दवाखान्याच्या दारात वही ठेवून समोरच्या लिंबाखाली झोपला, तर कंपाउंडरने वहीवरचं नाव वाचून त्याला हाक मारली. तोंडी परीक्षेच्या दिवशी तर कहर झाला. बाहेरगावचे परीक्षक पुढच्या विद्यार्थ्याला बोलवायला दाराशी आले, तर तिथे नुसत्या चपला. त्यांनी शिपायाला विचारलं, "हा मुलगा हजर आहे का?" शिपाई चपलांकडे बघून शांतपणे म्हणाला, "हाय की." या सगळ्यात माझाही फायदा होता, कारण त्याने एकट्याचा नंबर कधी लावला नाही. स्वतःच्या वस्तूमागे तो माझ्या नावाने काहीतरी ठेवायचाच. मेसमध्ये त्याचं ताट उपडं आणि त्यामागे माझं, बसच्या खिडकीतून आत टाकलेला त्याचा टॉवेल आणि शेजारी माझ्यासाठी पेन. शेवटचे काही महिने सोडले तर चार वर्षांत मी जेवणासाठी ताटकळल्याचं मला आठवत नाही. मी त्याला यासाठी कधी काही म्हणालोही नाही, आयतं मिळत असलं की माणसाची जीभ जड होते.

त्याचा जीव दोनच गोष्टींत होता. एक म्हणजे नंबर आणि दुसरी म्हणजे त्याची मोसंबी. सातवीत असताना त्याने वडिलांबरोबर साठ झाडं लावली होती. वडिलांना तो आबा म्हणायचा. खड्डे आबांनी खणले, रोपं याने धरली. झाडांनाही त्याने नंबर दिले होते आणि तो त्यांच्याबद्दल भावकीतल्या माणसांसारखा बोलायचा. "तेवीस नंबर जरा कुरकुरतंय," किंवा "एकेचाळीसनं औंदा बहार चांगला धरला." आमच्या शेवटच्या वर्षी पाऊस आलाच नाही. धरण मृतसाठ्याखाली गेलं, ऊस वाळला, तोडीला जाणाऱ्या लोकांना तोडायला काही उरलं नाही. त्याच्या शेतात प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक मडकं पुरलं होतं आणि आबा बैलगाडीवरून पिंपाने पाणी आणून ती मडकी भरत होते. आठवड्याला घरी जाऊन आला की हा दोन दिवस बोलत नसे.

आणि नेमक्या त्याच वर्षी सहकारी साखर कारखान्याने सभासदांच्या मुलांसाठी इस्राइलची अभ्याससहल काढली. उसाअभावी कारखाना बंद आणि पोरं मात्र विमानात, म्हणून गावोगावी टिंगल झाली. आमची दोघांचीही नावं त्यात होती, पण हा यायलाच तयार नव्हता. आबांनी त्याला हाताला धरून पासपोर्टच्या ऑफिसात नेलं. "त्या मुलखात वाळूत बागा करत्यात म्हणं," आबा म्हणाले, "बघून ये. आपल्या झाडांचं काय होतंय का बघ." या एका वाक्यावर तो निघाला. बॅगेत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि साठ झाडांच्या बुडातली माती, एका प्लास्टिकच्या पुडीत. तिथल्या जाणकाराला दाखवायची होती.

परदेशातला आमचा पहिला तास आम्ही दोघांनी पोलिसांच्या खोलीत काढला. विमानातून उतरलो तर पासपोर्ट तपासायला ही मोठी रांग. त्याने रांग बघितली, आपली बॅग फरशीवर ठेवली, तिच्यामागे माझी पाण्याची बाटली ठेवली, आणि मला दंडाला धरून भिंतीशी नेऊन बसवलं. मीही बसलो. चार वर्षांची सवय. दोन मिनिटांत शिट्ट्या वाजल्या, रांगेतली सगळी माणसं मागे हटवली गेली, दोऱ्या बांधल्या गेल्या, कुत्रं आलं. सहलीबरोबर आलेले आमचे सर पांढरेफटक पडले. हा मात्र मान उंच करून बॅगेकडे बघत होता आणि त्याची चिंता एकच, "माणसं इकडंतिकडं झाली बे. आता आपला नंबर कोण सांगणार?" खांद्याला बंदूक लावलेली एक तरुण पोलीस मुलगी ओरडून विचारायला लागली, बॅग कुणाची? याने हात वर केला. "माझी हाय. आन् ती बाटली ह्याची." असा मीही धरला गेलो.

खोलीत त्या मुलीने आमची बॅग उपसली. धपाट्यांवरून कुत्रं फिरलं. मातीच्या पुडीपाशी सगळे थांबले. ती वेगळ्या खोलीत नेली, तपासली आणि परत मिळणार नाही असं सांगितलं. बाहेरच्या मातीला तिथे मनाई होती. माती गेल्याचं ऐकून त्याचा चेहरा उतरला तो उतरलाच. ती मुलगी पुन्हापुन्हा एकच विचारत होती, बॅग टाकून लांब का गेलात? मी मोडक्या इंग्रजीत घागरी, टँकर, रांग असं सगळं सांगत गेलो. आधी तिला ते खरं वाटेना. मग तिने बंदूक मागे सारली, खुर्ची ओढून बसली आणि विचारलं, "आणि मागचा माणूस ती घागर बाजूला करून पुढे जात नाही?" मी त्याला मराठीत सांगितलं. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तिला सांग, दुष्काळात तसं करत न्हाईत." मी सांगितलं. तिने आमच्या पासपोर्टवर शिक्के मारून आणले आणि दारापर्यंत सोडायला आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात सरांच्या फोनवर त्याच्या घरून फोन आला. तो तेव्हा आंघोळीचं पाणी कचऱ्याच्या डब्यात साठवून खाली फाटकाजवळच्या झाडांना घालायला गेला होता. त्या झाडांना बुडापर्यंत नळ्या होत्या, हे त्याला दिसत होतं, तरी पाणी गटारात सोडणं त्याच्याच्याने होत नव्हतं. सरांनी फोन माझ्या हातात दिला. पलीकडे आबा होते. "त्यो जवळ हाय का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. "बरं झालं. मंग तुलाच सांगतो. बाग काढली काल." मला आधी समजलंच नाही. "पानी एक तर झाडाला, न्हाईतर जनावराला. दोन्हीला पुरंना," ते म्हणाले. "त्यो हितं असता तर कुऱ्हाडीला हात लावू दिला नसता. म्हनूनशान त्यो गेल्यावर काढली. त्याला सांगू नगंस. येवढ्या लांब गेलाय, शिकू दे त्याला मन लावून. आला की मी सांगतो." मी म्हणालो, "नाही सांगत, आबा." शब्द देणं किती सोपं असतं. खिडकीतून खाली तो डबा उपडा करून शेवटचे थेंब झटकताना दिसत होता.

तिसऱ्या दिवशी आम्हाला एका सहकारी वस्तीवर नेलं. तिथे शेत सगळ्यांचं, जेवण एका पंगतीला. याने पहिलाच प्रश्न विचारला, इथले चेअरमन कोण? एका म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं गेलं. तो आत ताटं विसळत होता. या आठवड्यात त्याची पाळी होती म्हणे. आमचा कारखाना आणि त्याचे चेअरमन डोळ्यांपुढे आणून आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. मग तो म्हातारा हात पुसून आला आणि आम्हाला संत्र्याच्या बागेत घेऊन गेला. याने त्याला विचारलं, "आठ-नऊ वर्षांचं झाड. फळ नगं, बहार नगं. नुसतं जगायला त्याला किती पानी लागतं?" सरांनी इंग्रजीत सांगितलं. म्हाताऱ्याने तो पुन्हा एकदा विचारून घेतला. असा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. मग वाकून त्याने वाळूत काडीने आकडे मांडले, फांद्या किती छाटायच्या, बुडाशी वाळल्या पाल्याचं पाचट किती टाकायचं, थेंबाथेंबाने पाणी कसं द्यायचं ते दाखवलं. हा शेजारी उकिडवा बसून वहीत उतरवत होता. लिटरच्या घागरी केल्या, घागरींची पिंपं केली, साठाने गुणलं. आणि एकदम माझ्याकडे वळला. तसं त्याचं तोंड मी आधी कधी बघितलं नव्हतं. "जगत्यात बे," तो म्हणाला. "आबा जेवढं पानी आनत्यात ना, त्याच्या निम्म्यात जगत्यात. साठच्या साठ." मी हसलो. त्याच्या पाठीवर थाप मारली. काय करणार होतो? परतताना बसमध्ये तो बराच वेळ बाहेरच्या बागा बघत होता. मग म्हणाला, "झाडंबी रांगेतच उभी असत्यात. पर त्यांना चप्पल ठिवून सावलीला जाता येत न्हाई." मी झोपेचं सोंग घेतलं.

उरलेली सहल माझ्या लक्षात नाही. समुद्र बघितला असेल, फोटो काढले असतील. फोटोंमध्ये तो सगळीकडे हसतो आहे. परत येताना त्याने म्हाताऱ्याने दिलेल्या ठिबकच्या नळीचं भेंडोळं खांद्याला अडकवलं होतं. माजलगावला परळीची बस लागली. त्याने खिडकीतून टॉवेल आत टाकला, माझ्यासाठी वही टाकली. तीच वही, हिशेबाची. दिंद्रुडला तो उतरणार आणि मी पुढे सिरसाळ्याला जाणार. तेवढ्या वाटेत मी तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा कंडक्टर आला. दुसऱ्यांदा तोच बोलायला लागला, पाचट कुठून आणायचं त्याबद्दल. तिसऱ्यांदा काही आडवं आलं नाही, माझाच धीर झाला नाही. दिंद्रुडला उतरून तो खिडकीखाली आला आणि म्हणाला, "येत्या ऐतवारी ये. तवर नळी टाकून हुती." बस निघाली. मला आबांचा राग आला, कारखान्याचा आला, पावसाचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा मला आला.

ऐतवारी मी गेलो नाही. आठ दिवसांनी तो कॉलेजात आला. पलंगावर बसला आणि शांतपणे विचारलं, "तुला कवा कळलं?" तिथे पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी म्हणालो. त्याने मनात दिवस मोजले. "म्हंजी बागेत गेलतो तवा तुला ठावं हुतं." मी मान हलवली. "मंग मला हिशेब कावून करू दिलास?" मी म्हणालो, आबांना शब्द दिला होता. "आबांनी झाडं तोडली ते मला कळतंय. त्यांच्याजागी मीबी तेच केलं असतं," तो म्हणाला. आणि बॅगेतले कपडे काढून घड्या घालायला लागला. भांडला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी दुपारी मी मेसमध्ये गेलो तर रांगेत त्याचं ताट उपडं होतं. त्याच्यामागे दुसऱ्या कुणाचं तरी होतं. मी माझं ताट घेतलं आणि शेवटी जाऊन उभा राहिलो. शेवटच्या परीक्षेपर्यंत मी रोज उभा राहिलो. आम्ही बोलायचो, चहा प्यायचो, एकमेकांच्या वह्या उतरवायचो. पण माझा नंबर त्याने पुन्हा लावला नाही.

मग कॉलेज संपलं. मी वडिलांची शेती बघायला लागलो, तो त्याची. लग्नं झाली. दोन्ही लग्नांत आम्ही एकमेकांना वाढलं आणि पाहुण्यांसारखं बोललो. आबा गेल्याचं कळलं तेव्हा मी दहाव्याला गेलो होतो. घरात दाराशेजारच्या खुंटीला ते नळीचं भेंडोळं होतं, तसंच बांधलेलं. मोसंबीच्या जागी कापूस होता.

गेल्या मृगात बियाण्यासाठी मी खरेदी-विक्री संघात गेलो. एरवी मी परळीच्या दुकानातूनच बी नेतो, त्या खेपेला तिथलं संपलं होतं म्हणून माजलगावची वाट धरली. दुपार झाली होती. दारापासून सडकेपर्यंत रांग, आणि रांगेत माणूस एकही नाही. चपला, दगड, पिशव्या, एक फुटकं पत्र्याचं डबडं. माणसं सगळी समोरच्या लिंबाखाली. मी सगळ्यांत मागे जाऊन माझी पिशवी ठेवायला वाकलो, तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला. "तितं कशाला ठिवतो बे? तुझा नंबर म्होरं हाय." तोच होता. कानांवरचे केस पिकले होते. अनवाणी, मांडी घालून बसलेला. त्याने हनुवटीने दाखवलं. दारापासून सातव्या नंबराला त्याची उजव्या पायाची चप्पल होती आणि आठव्या नंबराला डाव्या पायाची. "म्होरची माझी," तो म्हणाला. "मागची तुझी."

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. "मी येणार हे तुला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई," तो म्हणाला. "दरसाल ठिवतो. तू येत न्हाईस."

मग जे त्या बसमध्ये बोलायचं राहिलं होतं ते बोललो. "मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"सांगाया पायजे हुतं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो चपलांकडेच बघत होता.

तेवढ्यात दार उघडलं आणि पहिल्या दोघांची बियाणं निघाली. तो गुडघ्यावर हात ठेवून उठला, तापलेल्या सडकेवरून अनवाणी भराभर चालत गेला, दोन्ही चपला दोन-दोन पावलं पुढे सरकवल्या आणि परत येऊन माझ्याशेजारी सावलीला बसला.